ओएसपीएफ आणि व्हीआरआरपी एकत्र चालवताना: जाण्याची वाट, परतीची वाट

कार्यालयातल्या एखाद्या संगणकाला स्वतःच्या लॅनबाहेर काही पाठवायचे असेल, तर त्याला एकच पत्ता ठाऊक असतो, आणि तो म्हणजे डिफॉल्ट गेटवेचा. राउटर एकाऐवजी दोन बसवले, दोन वेगवेगळ्या वाहिन्या घेतल्या, तरी संगणकाच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना एकच राहतो. ही अडचण व्हीआरआरपी सोडवतो: दोन राउटर मिळून एक आभासी पत्ता सांभाळतात, त्यातला एक मास्टर असतो, दुसरा बॅकअप, आणि मास्टर गप्प झाला की बॅकअप तो पत्ता स्वतःकडे घेतो. राउटरांनी आपापसांत मार्ग कसे शिकायचे हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो ओएसपीएफ सोडवतो. गंमत अशी की ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीचे आजचे मानक आणि व्हीआरआरपीचे पहिले मानक ही दोन्ही एकाच महिन्यात, एप्रिल १९९८ मध्ये, अनुक्रमे आरएफसी २३२८ आणि आरएफसी २३३८ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानके मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) प्रसिद्ध झाली, आणि तरीही दोघांना एकमेकांची दखल घेण्याची काहीही सोय त्यांत नाही.

दोन्ही प्रोटोकॉल स्वतंत्रपणे नीट चालतात आणि तरीही जाळे बंद पडते, अशी वेळ येते ती या अनोळखीपणामुळे. लॅनमधून बाहेर जाणारे पॅकेट कोणत्या राउटरकडे जाईल हे व्हीआरआरपी ठरवतो, आणि बाहेरून लॅनकडे येणारे पॅकेट कोणत्या राउटरमार्गे येईल हे ओएसपीएफ ठरवतो. हे दोन निर्णय नेहमी एकाच राउटरकडे बोट दाखवतील अशी व्यवस्था आपल्याला हाताने करावी लागते, आणि या लेखात तीच टप्प्याटप्प्याने केली आहे. उदाहरणासाठी दोन लिनक्स राउटर घेतले आहेत, ज्यांवर ओएसपीएफसाठी एफआरआर आणि व्हीआरआरपीसाठी कीपअलाइव्हडी चालतो. तत्त्वे मात्र कोणत्याही उत्पादकाच्या राउटरला लागू होतात. आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

आराखडा

दोन राउटरांना आपण पूर्व आणि पश्चिम म्हणू. पूर्व हा नेहमीचा मास्टर, पश्चिम हा बॅकअप. लॅन १०.२०.३०.०/२४ आहे. त्यात पूर्वचा खरा पत्ता १०.२०.३०.२, पश्चिमचा १०.२०.३०.३, आणि सगळ्या संगणकांना गेटवे म्हणून दिलेला आभासी पत्ता १०.२०.३०.१. प्रत्येक राउटरपासून मुख्य कार्यालयातल्या कोअर राउटरपर्यंत दूरसंचार कंपनीकडून घेतलेली एकेक इथरनेट वाहिनी आहे: पूर्वसाठी १०.२५५.०.०/३१ आणि पश्चिमसाठी १०.२५५.०.२/३१. या दोन वाहिन्यांना पुढे अपलिंक म्हटले आहे. याखेरीज पूर्व आणि पश्चिम यांच्यात थेट केबल टाकून १०.२५५.०.४/३१ ही तिसरी जोडणी केली आहे, तिला आपण आडवी लिंक म्हणू. डिफॉल्ट मार्गाची, म्हणजे वेगळा मार्ग ठाऊक नसलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीच्या मार्गाची, जाहिरात कोअर करतो.

आडव्या लिंकवर खर्च करायला अनेक जण नाखूश असतात, कारण दोन्ही राउटर लॅनवर एकमेकांना दिसतच असतात, मग वेगळी केबल कशाला, असे त्यांना वाटते. माझे मत स्पष्ट आहे: एक केबल आणि दोन पोर्ट यांच्या बदल्यात इतके काही मिळते की ही लिंक नसलेला आराखडा मी मान्य करत नाही. कारण पुढे येईलच.

पायरी पहिली: आधी फक्त ओएसपीएफ

व्हीआरआरपीला हात लावण्यापूर्वी ओएसपीएफ पूर्णपणे उभा करून तपासून घ्यावा. प्रत्येक राउटरला लूपबॅक पत्ता (कोणत्याही केबलशी न बांधलेला, राउटरचा स्वतःचा पत्ता) द्यावा, उदाहरणार्थ १०.२५५.१.१ आणि १०.२५५.१.२, आणि तोच राउटर आयडी म्हणून हाताने नोंदवावा. राउटर आयडी आपोआप निवडला जाऊ देऊ नये. लिनक्सवर आभासी पत्ता हा इंटरफेसवरचा एक सामान्य पत्ता म्हणूनच बसतो, आणि आपोआप झालेल्या निवडीत नेमका तोच उचलला गेला तर गेटवे एका राउटरवरून दुसऱ्यावर गेल्यावर दोघांचा आयडी सारखा होण्याची शक्यता निर्माण होते. दोन राउटरांचा आयडी सारखा असणे हा ओएसपीएफमधला सर्वांत चमत्कारिक वागणारा दोष आहे, कारण एकाची जाहिरात दुसरा सतत खोडत राहतो आणि मार्ग येत-जात राहतात.

अपलिंक आणि आडवी लिंक या तीनही जोडण्या पॉइंट-टू-पॉइंट प्रकारच्या म्हणून घोषित कराव्यात, म्हणजे डेझिग्नेटेड राउटर (एका जाळ्यावरच्या राउटरांचा प्रतिनिधी) निवडण्याचा फापटपसारा आणि त्यासाठीची प्रतीक्षा टळते. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, दोन्ही टोकांना सारखा आहे ना, हेही पाहावे. तो वेगळा असला की शेजारी एक्स्चेंज किंवा एक्स्टार्ट या अर्धवट ओळखीच्या अवस्थेत अडकून बसतो आणि वरवर पाहता सगळे ठीक दिसते.

लॅनच्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालू करावा, पण पॅसिव्ह ठेवावा. त्यामुळे १०.२०.३०.०/२४ ची जाहिरात दोन्ही राउटर करतात, मात्र शेजारी ओळखणारी हॅलो पॅकेट लॅनवर जात नाहीत आणि एखाद्याने टेबलाखाली आणून लावलेला राउटर आपला शेजारी बनत नाही. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. लॅन पॅसिव्ह नसेल तर पूर्व आणि पश्चिम लॅनमधूनही शेजारी बनतात, आणि मग एखादी लिंक तुटली की इतर ठिकाणची वाहतूक वापरकर्त्यांच्या व्हीलॅनमधून वाहू लागते. लॅन ही वस्तीतली गल्ली आहे, तिच्यातून महामार्गाची वाहने सोडू नयेत.

आता कॉस्ट, म्हणजे प्रत्येक लिंकला दिलेला खर्चाचा आकडा; ज्या मार्गाची बेरीज कमी तो ओएसपीएफ निवडतो. बँडविड्थवरून आपोआप निघणाऱ्या कॉस्टवर विसंबू नये, कारण पुष्कळ उपकरणांत मूळ संदर्भ १०० मेगाबिटचा असल्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही लिंकची कॉस्ट १ च निघते. अपलिंकना १०, आडव्या लिंकला २०, पूर्वच्या लॅन इंटरफेसला १० आणि पश्चिमच्या लॅन इंटरफेसला १०० असे आकडे हाताने द्यावेत. कोअरच्या नजरेतून लॅनकडे जाणारा पूर्वमार्गे मार्ग १० अधिक १० म्हणजे २० चा होतो, आणि पश्चिममार्गे १० अधिक १०० म्हणजे ११० चा. परतीची वाहतूक पूर्वकडे येईल, आणि मास्टरही पूर्वच असणार आहे. दोन्ही राउटरांच्या लॅन इंटरफेसची कॉस्ट सारखी ठेवली असती तर कोअरने दोन समान मार्ग मानून प्रवाह अर्धे-अर्धे वाटले असते, आणि लॅनमधून पूर्वमार्गे गेलेल्या विनंत्यांपैकी सुमारे निम्म्यांची उत्तरे पश्चिममार्गे आली असती.

त्याने काय बिघडते? नुसते राउटर असतील तर लगेच काही बिघडत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पण राउटरवर स्टेटफुल फायरवॉल (चालू जोडण्या लक्षात ठेवणारी) किंवा नॅट (पत्ते बदलणारी सोय) असेल तर ज्या पेटीने जाणारे पॅकेट पाहिलेच नाही ती येणारे पॅकेट टाकून देते. स्विचच्या बाजूनेही एक त्रास होतो. स्विच एखादा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डचा पत्ता) साधारण ३०० सेकंद लक्षात ठेवतो, राउटरची एआरपी नोंद (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक कोणता) मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ टिकू शकते, आणि सिस्कोच्या राउटरवर ती मुळात ४ तास टिकते. संगणक आपली पॅकेट पूर्वकडे पाठवत राहिला तर पश्चिमच्या बाजूचा स्विच त्याचा मॅक पत्ता विसरतो, आणि पश्चिममार्गे येणारे प्रत्येक पॅकेट तो सगळ्या पोर्टवर ओतू लागतो. जाळे मंद आहे अशी तक्रार येते, तपासले तर एकही लिंक तुटलेली नसते.

पायरी दुसरी: व्हीआरआरपी

कीपअलाइव्हडीमध्ये दोन्ही राउटरांवर सुरुवातीची अवस्था बॅकअप अशीच लिहावी, पूर्ववरसुद्धा. मास्टर कोण हे प्राधान्याच्या आकड्याने ठरू द्यावे: पूर्वला २००, पश्चिमला १५०. नमुना फाइलींमध्ये पूर्वच्या जागी मास्टर असे लिहिलेले सर्रास आढळते आणि लोक तसेच उतरवून घेतात, पण प्रीएम्प्ट डिले, म्हणजे कमी प्राधान्याच्या मास्टरकडून गेटवे घेण्यापूर्वी थांबण्याचा काळ, हा पर्याय सुरुवातीची अवस्था बॅकअप असेल तरच काम करतो, आणि तो आपल्याला लागणार आहे.

व्हीआरआयडी म्हणजे आभासी राउटरचा क्रमांक १ ते २५५ या दरम्यान असतो आणि एका लॅनवर तो एकाच जोडीचा असावा. पुष्कळ उपकरणे १ पासून सुरुवात करतात, म्हणून १ टाळावा. इथे ३० घ्यावा. आभासी मॅक पत्त्याचे पहिले पाच बाइट ठरलेले असतात आणि शेवटचा बाइट म्हणजे हाच क्रमांक, त्यामुळे एकाच लॅनवर दोन जोड्यांनी सारखा क्रमांक घेतला तर मॅक पत्त्याची ओढाताण होते. कीपअलाइव्हडी मुळात आभासी मॅक वापरत नाही, गेटवे ताब्यात घेतल्यावर ग्रॅच्युइटस एआरपी पाठवून सगळ्यांना नवा मॅक कळवतो. तो आभासी मॅकसह चालवायचा असेल आणि राउटर आभासी यंत्रावर असेल, तर हायपरव्हायजरच्या स्विचला एकाच पोर्टवर अनोळखी मॅक चालतो का हे आधी पाहावे.

फायरवॉलमध्ये आयपी प्रोटोकॉल ११२ व्हीआरआरपीसाठी, ८९ ओएसपीएफसाठी आणि बीएफडीसाठी (लिंक मेल्याचे चटकन ओळखणारा प्रोटोकॉल, तो तिसऱ्या पायरीत येईल) यूडीपी ३७८४ उघडे ठेवावेत. व्हीआरआरपीची पॅकेट २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, आणि ती अडली तर दोन्ही राउटर स्वतःला मास्टर समजू लागतात. दोन मास्टर दिसले की पहिला संशय फायरवॉलवर घ्यावा, दुसरा स्विचवर.

वेळेचे गणित पाहू. मास्टर दर सेकंदाला जाहिरात पाठवतो. बॅकअप तीन जाहिरातींची वाट पाहतो आणि त्यावर स्वतःच्या प्राधान्यानुसार थोडी वाढीव वेळ धरतो. ही वेळ २५६ मधून प्राधान्य वजा करून २५६ ने भागल्यावर मिळते. पश्चिमचे प्राधान्य १५० असल्याने ती १०६ भागिले २५६, म्हणजे ०.४१ सेकंद, आणि एकूण ३.४१ सेकंद. मास्टर व्यवस्थित बंद केला तर तो प्राधान्य शून्य असलेली जाहिरात पाठवून निरोप घेतो आणि बदल अर्ध्या सेकंदाच्या आत होतो. त्यामुळे सेवा थांबवून केलेली चाचणी प्रत्यक्षापेक्षा नेहमीच सुंदर दिसते, खरी चाचणी वीज काढून करावी.

पायरी तिसरी: दोन घड्याळे जुळवणे

पूर्वची वीज गेली असे समजा. ३.४१ सेकंदांनी गेटवे पश्चिमकडे गेला, लॅनमधले संगणक पश्चिममार्गे पॅकेट पाठवू लागले. पण कोअरला पूर्व गेल्याचे कसे कळणार? केबल थेट असती तर पोर्ट लगेच डाउन झाला असता. इथे मध्ये दूरसंचार कंपनीची उपकरणे आहेत, कोअरचा पोर्ट हिरवाच राहतो, आणि ओएसपीएफचा डेड इंटरव्हल, म्हणजे हॅलो न आल्यास शेजारी मेला असे मानण्यापूर्वीची वाट, मुळात ४० सेकंदांचा आहे. म्हणजे ४० सेकंद परतीची पॅकेट मेलेल्या राउटरकडे जात राहतात, आणि त्या काळात व्हीआरआरपीची स्थिती विचारली तर उत्तर येते की सर्व काही उत्तम आहे.

मी स्वतः हा प्रकार एका कारखान्यात पाहिला आहे. गेटवे तीन सेकंदांत बदलतो असे मी बैठकीत ठासून सांगितले होते आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी पिंग पाऊण मिनिट अडकून राहिला. त्या दिवसापासून एकट्या व्हीआरआरपीची वेळ सांगणे मी सोडून दिले. खंड किती पडणार हे दोघांपैकी जो सावकाश असेल तो ठरवतो.

उपाय दोन आहेत. हॅलो १ सेकंद आणि डेड ४ सेकंद असे करता येते, दोन्ही टोकांना आकडे सारखे ठेवले तर ते पुरेसे असते. अधिक चांगला उपाय बीएफडीचा, ज्याचे मानक २०१० मध्ये आरएफसी ५८८० म्हणून आले. ३०० मिलिसेकंदांची पॅकेट आणि सलग तीन चुकली तर लिंक मृत, असे ठेवल्यास ०.९ सेकंदात ओएसपीएफला निरोप मिळतो. याहून कमी आकड्यांचा मोह टाळावा. आभासी यंत्रांवर बॅकअप घेताना किंवा यंत्र हलवताना काही क्षण सगळे थबकते, आणि ५० मिलिसेकंदांचा बीएफडी तेवढ्यावरून लिंक पाडतो.

पायरी चौथी: अपलिंक तुटल्यावर

आता पूर्व जिवंत आहे, पण त्याची अपलिंक तुटली आहे. व्हीआरआरपी फक्त लॅनकडे पाहतो आणि लॅन ठीक आहे, म्हणून मास्टर पूर्वच राहतो. आडवी लिंक नसती तर पूर्वकडे बाहेर जाण्याचा मार्गच उरला नसता आणि लॅनमधून येणारे प्रत्येक पॅकेट त्याच्यापाशी संपले असते. आडवी लिंक असल्यामुळे ओएसपीएफ डिफॉल्ट मार्ग पश्चिममार्गे वळवतो आणि काम चालू राहते.

पण परतीची वाट पाहा. कोअर आता पश्चिमकडेच पाठवणार, आणि पश्चिमला लॅन थेट जोडलेली आहे. थेट जोडलेला मार्ग ओएसपीएफच्या कोणत्याही मार्गापेक्षा नेहमीच वरचढ असतो, त्यामुळे पश्चिम ते पॅकेट आडव्या लिंकवरून पूर्वकडे न देता सरळ लॅनमध्ये सोडतो. जाताना पूर्व, मग पश्चिम, मग कोअर, आणि येताना कोअर, पश्चिम, आणि लॅन. कॉस्ट कितीही बदलली तरी हे बदलत नाही. म्हणून आडवी लिंक ही पहिल्या काही सेकंदांची सोय समजावी, आणि अपलिंक परत येईपर्यंतच्या काळासाठी गेटवेच पश्चिमकडे न्यावा. त्यासाठी ट्रॅकिंग, म्हणजे अपलिंकवर नजर ठेवून बिघाड होताच प्राधान्य घटवणे, लागते.

ट्रॅकिंग कशाचे करायचे, इथे बहुतेकांची चूक होते. अपलिंकचा पोर्ट पाहणे निरुपयोगी आहे, कारण तो हिरवाच राहतो हे आपण पाहिले. डिफॉल्ट मार्ग आहे की नाही हे पाहणेही निरुपयोगी आहे, कारण आडव्या लिंकमुळे तो नेहमी असणारच. पाहायचे ते हे की डिफॉल्ट मार्ग स्वतःच्या अपलिंकमधून जातो का. लिनक्सवर एखाद्या बाहेरच्या पत्त्यासाठी पॅकेट कोणत्या इंटरफेसने जाईल हे आयपी रूट गेट या आज्ञेने कर्नलला विचारता येते. उत्तरात अपलिंकच्या इंटरफेसचे नाव आले तर स्क्रिप्टने यश कळवावे, नाहीतर अपयश. दर २ सेकंदांनी तपासणी, सलग ३ अपयशे आली तर बिघाड, आणि सलग १५ यशे आली तरच दुरुस्ती, असे आकडे मी वापरतो. उतरताना घाई, चढताना सबुरी.

बिघाड झाल्यावर प्राधान्य किती घटवायचे? ६०, म्हणजे २०० चे १४० होतील आणि पश्चिमच्या १५० पेक्षा कमी पडतील. ही वजाबाकी कागदावर करावी. सिस्कोवर मुळात घट १० ची असते, आणि २०० चे १९० झाल्याने १५० वाल्याला काहीच संधी मिळत नाही. ट्रॅकिंग लिहिलेले आहे, पण ते कधीच काही करत नाही, असे राउटर मी अनेक पाहिले आहेत. पश्चिमवरही हीच स्क्रिप्ट आणि हीच घट ठेवावी, म्हणजे दोघांच्याही अपलिंक गेल्या तर १४० आणि ९० असा सामना होतो आणि गेटवे पूर्वकडेच राहतो. कीपअलाइव्हडीमध्ये स्क्रिप्टचे वजन शून्य ठेवले तर अपयशानंतर राउटर थेट फॉल्ट अवस्थेत जातो. मग दोन्ही अपलिंक एकदम गेल्यावर गेटवेचा पत्ताच नाहीसा होतो आणि या राउटरांवरच जोडलेल्या इतर व्हीलॅनशी बोलणेही बंद पडते, जे टाळणे अगदी सोपे होते.

पायरी पाचवी: परत येताना

बिघाडापेक्षा दुरुस्तीच्या वेळी जास्त जाळी पडतात, हे माझे निरीक्षण आहे. पूर्व पुन्हा सुरू होतो, काही सेकंदांत कीपअलाइव्हडी उठतो, २०० प्राधान्याच्या जोरावर गेटवे हिसकावून घेतो, आणि तेव्हा ओएसपीएफचे शेजारी अजून जमलेलेच नसतात. चालू असलेले जाळे दुरुस्त झालेल्या राउटरने पाडले, अशी ही विचित्र स्थिती. प्रीएम्प्ट डिले पूर्ववर ९० सेकंद ठेवल्यास तो ओएसपीएफला स्थिरावू देतो आणि मगच गेटवे मागतो.

पश्चिमवर मात्र प्रीएम्प्ट डिले ठेवू नये. कमी प्राधान्याचा मास्टर दिसल्यावर किती थांबायचे, हेच तो सांगतो, आणि चौथ्या पायरीत पूर्वचे प्राधान्य १४० वर आल्यावर पश्चिमने ताबडतोब पुढे यायला हवे. तिथे ९० सेकंद लिहिले तर ट्रॅकिंग ९० सेकंद उशिरा लागू होते. त्याच कारणाने पश्चिमवर नोप्रीएम्प्टही लिहू नये, कारण मग तो पुढे येतच नाही. दोन्ही फाइली सारख्या असाव्यात या नीटनेटकेपणाच्या हौसेतून ही चूक होते. एचएसआरपी (व्हीआरआरपीसारखाच सिस्कोचा प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांनी उलट बाजू लक्षात ठेवावी: तिथे प्रीएम्प्ट मुळातच बंद असतो आणि तो दोन्ही राउटरांवर आठवणीने चालू करावा लागतो.

आता त्या ९० सेकंदांत काय होते ते पाहू. गेटवे पश्चिमकडे आहे, पण पूर्वचा ओएसपीएफ उठला आहे आणि लॅनची जाहिरात १० कॉस्टने करतो आहे, म्हणून कोअर परतीची वाहतूक पूर्वकडे वळवतो. जाणे पश्चिममार्गे, येणे पूर्वमार्गे. फायरवॉल असेल तर दीड मिनिट सगळी जोडणी मोडते. याला उतारा म्हणून अनेक जण मॅक्स-मेट्रिक सुचवतात, ज्यात नुकताच उठलेला राउटर ठरावीक काळ आपल्या लिंकची कॉस्ट ६५५३५ अशी जाहीर करतो. तो आरएफसी ६९८७ मध्ये सांगितलेला उपाय आहे, पण इथे उपयोगी पडत नाही. त्यात फक्त राउटरपलीकडे जाणाऱ्या लिंकची कॉस्ट वाढते, स्टब जाळ्यांची (ज्यांच्या पलीकडे दुसरा ओएसपीएफ शेजारी नाही अशा जाळ्यांची) नाही, आणि आपली पॅसिव्ह लॅन ही स्टबच आहे. कोअरसाठी तिची कॉस्ट पूर्वीसारखी २० च राहते. काही उत्पादकांनी स्टब जाळीही त्यात ओढण्याचा वेगळा पर्याय दिला आहे, तो असेल तर वापरावा.

पायरी सहावी: कॉस्ट गेटवेच्या मागे चालवणे

पहिल्या पायरीतली कायमची कॉस्ट इथे सोडून द्यावी. दोन्ही राउटरांच्या साठवलेल्या मांडणीत लॅन इंटरफेसची कॉस्ट १०० च लिहावी. कीपअलाइव्हडीच्या नोटिफाय मास्टर या जागी एक छोटी स्क्रिप्ट द्यावी, जी व्हीटीवायएसएच या एफआरआरच्या आज्ञा-साधनातून लॅनची कॉस्ट १० करते, आणि नोटिफाय बॅकअप, नोटिफाय फॉल्ट व नोटिफाय स्टॉप या तिन्ही जागी ती परत १०० करणारी स्क्रिप्ट द्यावी. म्हणजे राउटर उठतो तेव्हा महाग असतो, आणि गेटवे हाती आल्यावरच स्वस्त होतो. परतीची वाट आपोआप गेटवेच्या मागे येते, आणि देखभालीसाठी आपण हाताने गेटवे हलवला तरी कॉस्टकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही.

या स्क्रिप्टने मांडणी फाइलीत कायमची साठवू नये, नाहीतर १० हा आकडा साठून राहतो आणि पुढच्या वेळी राउटर स्वस्त अवस्थेतच उठतो. कीपअलाइव्हडी अचानक कोसळला तर कोणतीच नोटिफाय स्क्रिप्ट चालत नाही आणि कॉस्ट १० वर अडकते, म्हणून सिस्टमडीला (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) तो लगेच पुन्हा सुरू करायला सांगावे. बीएफडी इथे ऐच्छिक उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पूर्वची वीज गेल्यावर पश्चिम ३.४१ सेकंदांत आपली कॉस्ट १० करतो, आणि कोअरला पूर्व गेल्याचे अजून कळलेले नसेल तर त्याला २० चे दोन समान मार्ग दिसतात. अर्धे प्रवाह पोहोचतात, अर्धे हरवतात, आणि वापरकर्ते सांगतात की एक संकेतस्थळ उघडते, दुसरे उघडत नाही. पूर्ण बंद पडलेले जाळे यापेक्षा शोधायला सोपे असते.

फायरवॉल, नॅट यांपैकी काहीच या राउटरांवर नसेल तर ही सहावी पायरी गाळली तरी चालेल, कायमची कॉस्ट पुरेशी आहे. असेल तर कनट्रॅकडी वापरून जोडण्यांची नोंद दोन्ही राउटरांत समक्रमित करावी, नाहीतर गेटवे कितीही चटकन हलला तरी चालू जोडण्या तुटतीलच. लिनक्सचा आरपी फिल्टर १ ऐवजी २ वर ठेवावा. १ वर असताना तो परतीचा मार्ग वेगळा दिसला की पॅकेट मुकाट्याने टाकतो, आणि बदलाच्या क्षणी तसे घडतेच.

आयपीव्ही६ साठी ओएसपीएफची तिसरी आवृत्ती आणि व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती लागते. तत्त्व तेच, फक्त गेटवे हा लिंक-लोकल पत्ता असतो, आणि राउटर ॲडव्हर्टाइजमेंट (संगणकांना गेटवे कळवणारा राउटरचा संदेश) त्या आभासी लिंक-लोकल पत्त्यावरून जायला हवी. ती खऱ्या पत्त्यावरून गेली तर संगणक दोन्ही राउटरांना गेटवे मानतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

पायरी सातवी: चाचणी

लॅनमधल्या एका संगणकावरून कोअरपलीकडच्या पत्त्याकडे, आणि कोअरपलीकडून त्या संगणकाकडे, असे दोन पिंग ०.२ सेकंदांच्या अंतराने चालू ठेवावेत. हरवलेल्या पॅकेटांची संख्या ५ ने भागली की खंड सेकंदांत मिळतो, म्हणजे ३.४ सेकंदांसाठी सुमारे १७ पॅकेट. पिंग कोणत्याही दिशेने सुरू केला तरी तो दोन्ही वाटांनी जातो, त्यामुळे कोणती वाट तुटली हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही राउटरांवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावून ठेवावा आणि विनंती कुठून गेली, उत्तर कुठून आले, हे डोळ्यांनी पाहावे.

मग एकेक करून पूर्वची वीज काढावी, ती परत द्यावी आणि पाच मिनिटे थांबून पाहावे. पूर्वची अपलिंक पोर्ट न पाडता मोडावी, त्यासाठी कोअरच्या बाजूने त्या लिंकवरचे ओएसपीएफ आणि बीएफडी फायरवॉलने अडवले तरी चालते. पूर्ववर फक्त एफआरआर थांबवावा: ट्रॅकिंग स्क्रिप्टने सहा सेकंदांच्या आसपास गेटवे सोडला नाही तर स्क्रिप्ट चुकीची गोष्ट पाहते आहे. वीज परत देण्याची चाचणी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे सर्वांत जास्त दोष तिथेच सापडतात.

एक बिघाड या सगळ्यातूनही सुटत नाही. पूर्व एका स्विचला आणि पश्चिम दुसऱ्या स्विचला जोडला असेल आणि त्या दोन स्विचांमधली केबल तुटली, तर लॅनचे दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात एक मास्टर उभा राहतो, दोघेही लॅनची जाहिरात १० कॉस्टने करतात, आणि कोअरला कोणता संगणक कोणत्या तुकड्यात आहे हे कळायला काहीच मार्ग नसतो. इथे प्रोटोकॉलचे आकडे बदलत बसू नये. त्या दोन स्विचांमध्ये दुसरी केबल वेगळ्या मार्गाने टाकावी आणि दोन्ही मिळून एलएसीपीचा (अनेक केबल एकच लिंक म्हणून चालवणाऱ्या प्रोटोकॉलचा) एक गट करावा.